परक्या भाषेतलं रडणं

स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टर सांगत होते आणि टेबलाखाली त्यांचा पाय ताल धरत होता. तीनदा बुटाचं टोक खाली यायचं आणि चौथ्या वेळी किंचित अडखळून टाचेला एक झटका बसायचा. टेबलाच्या वरचा डॉक्टर हवा तेवढा गंभीर होता. भुवया जवळ आणलेल्या, पेन बाजूला ठेवलेलं, आवाज खाली घेतलेला. पण खालचा डॉक्टर मजेत होता. बाहेरच्या खोलीत लागलेलं गाणं दाराच्या फटीतून आत झिरपत होतं आणि खालच्या डॉक्टरला ते आवडलं होतं. टेबल पुढून उघडं होतं म्हणून समोर बसलेल्या त्याला हे दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं. शेजारच्या खुर्चीत बाबा मांडीवर टॉवेल घेऊन बसले होते. 'काढल्यावर बोलता येणार नाही,' डॉक्टर म्हणाले. 'पुढे यंत्र बसवून बोलायला शिकवतात, पण तो आवाज वेगळा. हा आवाज राहणार नाही. पुढच्या आठवड्यात करून टाकू, लांबवण्यात अर्थ नाही.' बाबांनी विचारलं, 'जेवता येईल?' 'येईल की. व्यवस्थित जेवाल.' 'मग ठीक आहे,' बाबा म्हणाले आणि टॉवेलात थुंकले. खालचा पाय तीनदा आपटला, थबकला, झटकला. आपल्या बापाचा गळा कापायचं ठरतंय, अशा वेळी मुलाच्या मनात जे काही यायला हवं त्यातलं काहीच त्याच्या मनात आलं नाही. त्याच्या मनात एवढंच आलं की हे गाणं आपण निवडलंय.

गाणी निवडणं हा त्याचा धंदा होता. दुकानांत, हॉटेलांत, लिफ्टमध्ये, दवाखान्यांत जी गाणी कुणीच लावलेली नसतात आणि तरी वाजत असतात, ती कुणीतरी लावलेली असतात, आणि तो कुणीतरी म्हणजे हा. काचेच्या एका खोलीत कानांवर हेडफोन चढवून तो दिवसभर बसायचा आणि ठरवायचा, की बूट विकत घेताना माणसाला काय ऐकू यावं, दाढ काढायची वाट बघताना काय ऐकू यावं. ऑफिसात त्याला 'कान' म्हणत. 'कानाला विचारा.' 'कान आज रजेवर आहे.' बचाता, म्हणजे डॉक्टरच्या पायातल्या त्या गाण्याची जात, पहिल्यांदा त्याच्यासमोर आली तेव्हा त्याला ती आवडली नव्हती, पण कामाची वाटली होती. ओल्या बोटांनी काचेवर रेघा माराव्यात तशा चमकत्या गिटारच्या तारा, मागे धातूचं काहीतरी सतत खरवडल्याची खरखर, छोट्या ढोलाची थाप, आणि या सगळ्यावर एक पुरुषी गळा, उंच, नाकातून येणारा, आता रडेल मग रडेल असा. रडत मात्र नसे. रडण्याच्या काठावर उभा राहून तो नाचण्यापुरता तोल सांभाळायचा. कुठल्याशा बेटावरच्या दारूच्या गुत्त्यांतून हे संगीत वर आलं होतं आणि तिकडच्याच सभ्य घरांत एके काळी ते लावत नसत म्हणे. आता ते सगळीकडे होतं. ज्यांना त्या भाषेतला पाण्याला शब्द काय हेही ठाऊक नव्हतं, ती माणसं सकाळी धावताना आणि संध्याकाळी भांडी घासताना ते ऐकत होती. व्यायामशाळांच्या वरच्या मजल्यांवर त्याचे वर्ग निघाले होते. बँकेतली माणसं, नर्सा, विमा एजंट एकमेकांच्या कमरेत हात घालून, डोळे मिटून डुलत होते. बचाता लावली की गिऱ्हाईक दुकानात जास्त रेंगाळतं हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि मग त्याने ती लावत नेली. आधी कपड्यांच्या दुकानांत, मग हॉटेलांच्या जिन्यांवर, शेवटी दवाखान्यांत. दवाखान्यांसाठी ढोल खाली घेतला, खरखर पुसून टाकली. रडका गळा तेवढा ठेवला. आजारी माणसांना तो मानवतो असं त्याला वाटलं होतं.

परतताना टॅक्सीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि थोड्या थोड्या वेळाने टॉवेल तोंडाशी नेत होते. त्यांच्या घशातून जे निघायचं ते धड खोकणंही नव्हतं आणि धड बोलणंही नव्हतं. ओल्या फरशीवरून पोतं ओढत न्यावं तसं काहीतरी. टॉवेलाचा आंबटगोड वास गाडीभर पसरला होता. काच खाली करायला त्याचा हात दोनदा गेला आणि परत आला, कारण बाबांना ते कळलं असतं. मग तो तोंडाने श्वास घेत राहिला, आणि तोंडाने घेतलं की वासाची चव लागते हे त्याला नव्याने कळलं. 'हा आवाज राहणार नाही.' हे वाक्य त्याने लहानपणी कितीदा मागितलं होतं! आई गेली तेव्हा तो चौथीत होता. ती कुणाचा हात धरून गेली नव्हती. तसं असतं तर बाबांना जरा बरं वाटलं असतं. ती नुसतीच गेली. दुसऱ्या शहरात कारखान्याच्या कचेरीत नोकरी बघितली, एक खोली बघितली, 'येतोस का' म्हणून त्याला विचारलं, आणि तो बाबांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणाला तेव्हा त्याच्या केसांवरून हात फिरवून जिना उतरली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर इमारतींच्या पोटातल्या काळोखात लोंबकळून संध्याकाळी ग्रीसचे हात घेऊन घरी यायचे, ते साबण लावून लावून धुवायचे, जेवायला बसायचे आणि रडायला लागायचे. रडणं म्हणजे नुसतं डोळ्यांतून पाणी असतं तर त्याने ते सोसलं असतं. बाबा बोलत रडायचे. 'मी काय कमी केलं तिला? काय कमी केलं सांग ना तू. परत ये म्हणावं. मला घास उतरत नाही.' घास उतरत असे. तोंडात घास फिरत असतानाच ती वाक्यं बाहेर यायची, पातळ, किरकिऱ्या, नाकातल्या आवाजात. नाक वाहायचं, वरच्या ओठावर येऊन थांबायचं, कधी ताटात पडायचं, आणि बाबा ते तसंच कालवून खायचे. तो समोर बसून बघायचा. दया यायला हवी हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण दयेच्या आधी पोटातून दुसरंच काहीतरी वर यायचं आणि तिची जागा अडवून बसायचं. मित्रांचे बाप मारायचे, शिव्या द्यायचे, एकाचा तर दारू पिऊन जिन्यात पडायचा. त्याला त्या मित्रांचा हेवा वाटायचा. मारणाऱ्या बापाचा राग तरी करता येतो. तो आवाज बुडवायला त्याने रेडिओ मोठा करायला सुरुवात केली, आणि पुढे त्या सवयीवरच त्याचं पोट चाललं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने ते डॉक्टरच्या पायातलं गाणं काढलं. इतकी वर्षं त्याने या गाण्यांचा वेग बघितला होता, पट्टी बघितली होती, सुरुवात किती हळू आणि शेवट किती गुळगुळीत ते बघितलं होतं. शब्द काय आहेत हे बघावं असं कधी डोक्यात आलं नव्हतं. शब्द न कळणं हाच तर मालाचा गुण होता. कळणाऱ्या भाषेतलं गाणं माणसाला अडवतं, आठवण करून देतं, हातातला बूट खाली ठेवायला लावतं. त्याने फोनला गाणं ऐकवलं आणि फोनने ते यंत्राच्या मोडक्यातोडक्या मराठीत समोर मांडलं. 'मी तुला काय कमी दिले ते मला सांग. तू परत ये. ताट माझ्या समोर आहे आणि घास माझ्या घशाच्या खाली जात नाही. शेजारी हसतात, त्यांना हसू दे.' त्याने फोन पालथा ठेवला. मग उठून संडासात गेला, बेसिनवर वाकला, पण तोंडात नुसतं खारट पाणी जमा झालं, बाहेर काही येईना. म्हणजे हे होतं तर! अंगाला चिकटलेला चकचकीत शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, मागे गिटार लावून हे बाबाच होते. तेच ताट, तोच घास, तेच वाहणारं नाक, फक्त समुद्रापलीकडचं. आणि जगातली निम्मी माणसं त्यावर कंबर हलवत होती. आपण एकटेच त्या ताटासमोर बसलो होतो असं त्याला आजवर वाटत आलं होतं. आता त्याच्या ध्यानात आलं की त्या ताटासमोर त्याने सगळ्या शहराला आणून बसवलंय, आणि सगळे चवीने खातायत.

खोलीत परत आला तर विक्री खात्यातली बाई दारात उभी होती. तिच्या हातात कॉफीचा कागदी पेला होता. 'काना, दवाखानेवाले खूश आहेत बरं का. तसलंच आणखी हवंय म्हणतात.'

'दवाखान्यांतून ते काढू या,' तो म्हणाला.

'का?'

'त्यात एक माणूस रडतोय.'

'कुणाला कळतंय?'

'मला कळतंय.'

'तुला आज कळलं. काल तू छान झोपला होतास ना?' ती हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. 'वडिलांचं काय म्हणाले रे?'

'आवाज काढणार.'

'अरे देवा,' ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. पेला धरलेला हात खाली आला, डोळे बारीक झाले. पण स्पीकरवर गाणं अजून चालूच होतं, आणि वाईट वाटत असतानाच तिचा एक खांदा हलके हलके त्याच्याबरोबर निघाला. वाईट वाटणं आणि डुलणं यांना एकाच अंगात राहायला काहीच अडचण होत नव्हती. तिच्या गळ्याच्या घडीत पावडर ओली होऊन पांढरी रेघ धरली होती. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

बायकोला त्याने सांगायला नको होतं. तीही बचाताच्या वर्गाला जायची. त्याच्याच कामातून तिला नाद लागला होता आणि सुरुवातीला त्याला त्याचा अभिमान वाटायचा. नाचून आली की ती बूट दाराशी काढायची, आतून ओले, टाचेला कातडं सोललेले. तिच्या मानेला तीन-चार परक्या माणसांचे वास असायचे, दाढीनंतर लावायच्या पाण्याचे, च्युइंगमचे, घामाचे, आणि त्या सगळ्यांखाली तिचा स्वतःचा वास खजील होऊन बसलेला असायचा. त्याला संशय वगैरे कधी आला नाही. संशय परवडला असता. त्याला फक्त ते वास येत. त्या संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता तेच गाणं गुणगुणत होती, शब्दांच्या जागी तोंडाला येईल ते घालून, आणि त्याने तिला अर्थ सांगितला. ताट, घास, सगळं.

तिने सुरी खाली ठेवली. 'हे सांगायलाच हवं होतं का? कळलं की मजा जाते.'

'तुला किळस नाही येत?'

'कशाची? त्याला रडायचंय, मला नाचायचंय. दोघांचं भागतंय ना?' मग आतल्या खोलीकडे बघून तिने आवाज खाली घेतला. 'तू ना, त्यांच्याजवळ जाऊन बस जरा. आठवडा आहे हातात. नंतर बोलायला मिळणार नाही.'

'त्यांच्याशी काय बोलणार?'

'तू नको बोलू. ते बोलतील ते ऐक. कान म्हणतात ना तुला?'

बाबा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. गेली काही वर्षं ते इथेच राहत होते, आणि म्हातारपणाने त्यांचं रडणं सुकून गेलं होतं, निदान ऐकू येत नव्हतं. आता त्यांच्या आवाजात पातळपणा राहिला नव्हता. घशातल्या गाठीने तो आवाज खाली ओढून नेला होता, जाडा केला होता, त्याच्या कडा झिजवल्या होत्या. तो कॉटच्या पायथ्याशी बसला. मग बाबा म्हणाले, 'तुझ्याकडे तिचा नंबर असेल.' त्याला वाटलं आपण ऐकलंच नाही असं करावं. 'आवाज आहे तोवर एकदा बोलेन म्हणतो,' बाबा म्हणाले. 'नंतर नुसतं फुसफुसून काय बोलणार?' त्याच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं. टॉवेल, फोन, 'मी काय कमी केलं', पलीकडे आईचं थिजलेलं मौन, आणि आपण इथे, पुन्हा चौथीत. 'कशाला बाबा?' तो म्हणाला. 'इतकी वर्षं झाली.' 'नंबर दे,' बाबा म्हणाले. 'नाहीतर तिला विचारीन.' ती म्हणजे त्याची बायको, आणि तिने तो लगेच दिला असता.

नंबर त्याच्याकडे होता. आई अधूनमधून काहीबाही पाठवायची आणि तो अंगठा दाखवून मोकळा व्हायचा. मागे एकदा तिने एक व्हिडिओ पाठवला होता. कुठल्याशा सभागृहात ज्येष्ठ मंडळी बचाता करत होती आणि मध्ये आई होती, पांढरे केस कापलेले, नारिंगी ब्लाउज, दंडाचं कातडं खाली लोंबतंय. एका टकल्या गृहस्थाच्या हातात हात, तीन पावलं डावीकडे, कंबर, तीन पावलं उजवीकडे, कंबर. ती त्या जुन्या कमरेने अगदी मन लावून तो झटका देत होती. खाली लिहिलं होतं, 'आमचा वर्ग. चौकशीसाठी माझाच नंबर आहे. ओळखीत कुणी म्हातारे असतील तर पाठव.' त्याने तो व्हिडिओ पूर्ण बघितला नव्हता. आपल्या आईला कंबर आहे हे कळून कुणाला आनंद होतो? पण खरी शिसारी दुसरीच होती, आणि ती त्याला आज, नंबर शोधताना कळली. एका रडण्यातून उठून गेलेली ही बाई म्हातारपणी जाऊन दुसऱ्या रडण्यावर नाचत होती, आणि हे रडणं तिला चालत होतं.

फोन बाबांचाच घेतला, कारण त्याच्या फोनवरून केला असता तर तिने त्याचं नाव बघितलं असतं. लिफ्टच्या मोटारींच्या आवाजाने बाबांचा एक कान केव्हाच गेला होता. 'मोठ्याने लाव,' ते म्हणाले. 'आणि तू बस इथे.' पलीकडे घंटी वाजायला लागली तसा बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

'हॅलो, बोला,' आई म्हणाली. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

बाबांनी तोंड उघडलं. त्यांचा गळा वर गेला, खाली आला, आणि नुसता खोकला बाहेर पडला.

'वर्गासाठी का?' आई म्हणाली. 'सकाळपासून फोनच फोन चाललेत. बोला ना.'

तो बाबांकडे बघत होता. आता सुरू होईल, आता. बाबांनी टॉवेलाने ओठ पुसले. 'हो,' ते म्हणाले. 'वर्गासाठी.'

'तुमच्यासाठी की मिसेससाठी?'

'माझ्यासाठी. मिसेस नाहीत.'

'गेल्या?'

'हो,' बाबा म्हणाले. 'गेल्या.'

'अरेरे. एकटे राहता?'

'मुलगा आहे. सून आहे. चांगली आहेत.'

'मग बरं आहे. पाय चालतात ना? मग झालं. नाचता येत नाही म्हणून कुणी घरी बसू नये, आमच्यात कुणालाच येत नाही.' ती हसली. ते हसणं त्याने घरात कधी ऐकलं नव्हतं. किंवा ऐकलं असेल आणि बाबांच्या आवाजाखाली बुडालं असेल.

'गाणी कळत नाहीत म्हणतात,' बाबा म्हणाले.

'मला तरी कुठे कळतात? तो गाणारा काहीतरी विनवतोय एवढं समजतं. विनवणाऱ्या माणसाचं ऐकायला बरं वाटतं हो, आपल्याला काही द्यावं लागत नसलं की.'

बाबांच्या गालाचा एक स्नायू तेवढा हलला आणि थांबला. फोन हिसकावून बंद करावा असं त्याला वाटलं. हात मांडीवरून उठला नाही. पलीकडे आईला शांततेची सवय नसावी. ती म्हणाली, 'आवाज छान आहे तुमचा. खर्जातला. गाता का?'

'नाही. पूर्वी असा नव्हता.'

'मग कसा होता?'

'पातळ होता. किरकिरा.'

'बरं झालं बदलला,' आई म्हणाली आणि पुन्हा हसली. 'माझ्या घरी होता एक तसा. डोकं उठायचं.' त्याने बाबांकडे बघितलं. पण तिने ते सहज म्हटलं होतं, जुन्या घरातल्या गळक्या नळाबद्दल सांगावं तसं, आणि लगेच ती बुटांवर आली होती. तळ गुळगुळीत असलेले बूट आणा, रबरी नकोत, गुडघा मुरगळतो. नवे लोक पुढच्या महिन्यात घेणार आहोत, तेव्हा मीच फोन करीन. 'नाव काय लिहू तुमचं?'

'आल्यावर सांगतो,' बाबा म्हणाले.

'चालेल. या नक्की.'

फोन बंद झाला. बाबा रडले नाहीत. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, टॉवेलाची कोरडी बाजू शोधली, तोंड पुसलं आणि म्हणाले, 'हसली ती.' मग भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

तो मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला. त्याला वाटलं होतं आता हलकं वाटेल. जे घडेल म्हणून त्याने पोट आवळून धरलं होतं ते घडलंच नव्हतं. पण पोट सुटेना. उलट एक नवीन, स्वच्छ अशी किळस त्याच्या अंगात चढत होती, आणि ती कुणाची आहे हे त्याला ठरवता येईना. बाबांची म्हणावी, तर बाबांनी एका बाईशी दोन गोड शब्द बोलायला मरणाला टेकलेला गळा वापरला, यात किळस यावी असं काय होतं? आईची म्हणावी, तर तिने खरं तेच सांगितलं होतं. ती दोघं आयुष्यभरात बहुधा पहिल्यांदाच एकमेकांशी नीट बोलली होती, आणि त्यासाठी बोलणारा कोण हे तिला न कळणं आवश्यक होतं. बाबा बोलत होते ते शब्द तिला कळत होते. माणूस तेवढा परक्या भाषेतला होता. आणि आपण? आपण कॉटच्या पायथ्याशी बसून ऐकत होतो. ऐकताना, त्याला आता आठवलं, एका क्षणी आपल्याला तो आवाज आवडला होता. आईने छान म्हणायच्या आधीच आपल्या कानाने तो उचलला होता, धंद्याच्या सवयीने तोलला होता. जाडा, ओलसर, कडा झिजलेला. चालेल, असं मनात आलं होतं. गाठीचा आवाज होता तो. मांसात सडत चाललेल्या एका गोळ्याने बाबांना इतक्या वर्षांनी ऐकण्यासारखं केलं होतं, आणि आपल्याला तो गोळाच आवडला होता. त्याने चूळ भरली, थुंकला, पुन्हा भरली. बाहेर बायको विचारत होती, 'बोलले का? काय म्हणाले?' आणि तो नळाच्या आवाजात, ऐकू येत नाही असं करून उभा राहिला.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. बाबांच्या गळ्याच्या पायथ्याशी आता एक भोक होतं, आणि श्वास नाकातोंडातून जाण्याऐवजी तिथून जात-येत होता. भोकात नळी होती, नळीत चिकट काहीतरी साचायचं, नर्स येऊन ते बारीक पाइपने ओढून घ्यायची; ओढताना जो आवाज यायचा तो त्याने जन्मात ऐकलेल्या सगळ्या आवाजांत वाईट होता, आणि तो ऐकताना त्याला खोलीबाहेर जावंसं वाटायचं, पण बाबा त्या वेळी नेमका त्याचा हात धरायचे. बायको सूप घेऊन यायची, ते नाकातल्या नळीने आत जायचं. मग नाकातली नळी निघाली आणि बाबा थोडंथोडं गिळायला लागले. एके दिवशी नर्सने दोघांना भोक पुसायला शिकवलं. बायको चटकन शिकली. त्याने कापूस धरला, भोकातून गरम, दमट हवा त्याच्या बोटांवर आली, बाबांच्या आतली हवा, आणि त्याने मान फिरवली; बाबांनी ते बघितलं. बाबांनी त्याच्या हातातून कापूस घेतला आणि स्वतःच पुसून घेतलं. ते आता रडले असते तरी कुणाला कळलं नसतं. डोळ्यांतून नुसतं पाणी आलं असतं, त्याने लहानपणी मागितलं होतं तसं. पण बाबा रडत नव्हते. दुपारभर ते छताकडे बघत असायचे आणि त्यांचे पाय चादरीखाली स्थिर असायचे.

अशाच एका दुपारी उशाचा फोन वाजला. बायको घरी गेली होती. बाबांच्या फोनवर नाव उमटायचं कारण नव्हतं, नुसता आकडा होता, पण तो दोघांनाही पाठ झालेला होता. बाबांनी फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. फोन वाजत राहिला. बाबांनी हाताने खूण केली, उचल. त्याने मान हलवली. मी बोललो तर ती ओळखेल. बाबांनी पुन्हा खूण केली, आणि या वेळी त्यांच्या गळ्यातल्या नळीतून श्वास जोरात, शिट्टीसारखा बाहेर आला. ते उठून बसायला धडपडायला लागले. शेवटी त्याने फोन उचलला, कानाला न लावता मोठ्याने केला, चादरीवर ठेवला आणि काय बोलायचं हे ठरवायच्या आत पलीकडून आई म्हणाली, 'हॅलो? तुम्ही मागे फोन केला होता ना वर्गासाठी? खर्जातल्या आवाजाचे? सोमवारपासून सुरू करतोय. येताय ना?'

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. घराच्या जिन्यात उभ्या असलेल्या आईने 'येतोस का' विचारलं होतं तेव्हा जसे बघत होते, तसे नाही. तेव्हाच्या त्या डोळ्यांत त्याच्यावर ओझं टाकलेलं होतं. आताचे डोळे नुसते वाट बघत होते. त्याने तोंड उघडलं. त्याच्या घशात काहीतरी सरकलं, खाली बसलं, आणि जो आवाज बाहेर पडला तो त्याचा नव्हता. 'येणार आहे,' तो आवाज म्हणाला, जाडा, ओला, पोतं ओढत न्यावं तसा. 'जरा तब्येत बरी नव्हती.' त्याने तो कधी काढून बघितला नव्हता. तो काढावाच लागला नाही. जणू इतकी वर्षं तो आतच कुठेतरी बसून होता आणि त्याला फक्त जागा करून द्यायची होती. तोंडभर त्याची चव पसरली, त्या टॉवेलाची, आंबट, गोडसर. त्याने ती गिळली.

'अगंबाई. काय झालं होतं?' आई विचारत होती. 'आवाज बसलेला वाटतोय अजून. गरम पाणी पीत जा. आणि सोमवारी जमलं नाही तर त्याच्या पुढच्या सोमवारी या, जागा धरून ठेवते मी. बूट घेतलेत का?'

बाबांनी हात पुढे केला. बोटांना नळीपाशी साचलेलं लागलेलं होतं, ती ओली होती, चिकट होती. ती बोटं त्यांनी त्याच्या गळ्यावर, कंठमण्याच्या बाजूला टेकवली, बंद पडलेल्या लिफ्टच्या मोटारीवर हात ठेवून आत काही फिरतंय का बघावं तशी, आणि तिथेच ठेवली. त्याच्या सगळ्या अंगावरून शिसारी सरसरत गेली. पण मान बाजूला घेतली असती तर आवाज हलला असता.

'हॅलो?' आई म्हणाली. 'ऐकताय ना?'

'हो,' तो म्हणाला, त्याच आवाजात, बाबांच्या बोटांखालून. 'बोला तुम्ही. ऐकतोय.'